शेरभर चिप्समधलं तेल

मित्रांनो, शेरास सव्वाशेर भेटतो असं मोठी माणसं म्हणतात. सव्वाशेराचा पत्ता मला बरीच वर्षं ठाऊक नव्हता, पण शेर म्हणजे मीच. मी एक जुना पितळी शेर आहे, फुटाणे आणि कुरमुरे मोजायचं माप. उंचीने वीतभरही नाही, पोटाने गोल, काठावर एक पोचा. वजनाचा शेर वेगळा असतो, मी मापाचा. माझ्यात काही ओतलं की मी ते काठापर्यंत धरतो आणि माणसं म्हणतात, झाला एक शेर. काम एवढंसंच, पण त्याची मला भारी घमेंड होती. ती कशी उतरली तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म डिचोलीच्या बाजारातल्या एका कासाराकडे झाला. त्याने पितळेचा पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. मला आकार आला तेव्हा त्याने एका जुन्या शेरात तांदूळ भरले आणि माझ्यात ओतून पाहिले. चार दाणे बाहेर सांडले. मग त्याने मला आतून ठोकून किंचित फुगवलं. पुन्हा तांदूळ ओतले, तेव्हा ते बरोबर काठाशी आले. कासार खूश झाला. तेव्हा कागदोपत्री किलो आणि लिटर आले होते, पण बाजाराच्या तोंडात अजून शेरच होता.

मला विकत घेतलं मयेच्या कृष्णनाथने. तो चुलीवरच्या तापलेल्या वाळूत चणे भाजायचा आणि जत्रांमधून विकायचा. पेडण्याची पुनव असो की शिरगावची जत्रा, गुळात घोळलेल्या खाज्याच्या आणि फुटाण्यांच्या राशींमध्ये मी ऐटीत बसलेला असे. कृष्णनाथची एक रीत होती. मला काठोकाठ भरलं तरी त्याचं समाधान होत नसे. वर तो शीग लावायचा, म्हणजे काठाच्या वर दाण्यांचा डोंगर रचायचा, आणि तो घरंगळायला लागेपर्यंत थांबायचा नाही. लोक म्हणायचे, "कृष्णनाथाचो शेर म्हणजे देवाचो शेर." हे ऐकून मी फुगायचो. त्याची बायको दर आठवड्याला मला सोलांच्या, म्हणजे सुक्या कोकमांच्या पाण्याने घासायची, त्यामुळे मी चकाकतही होतो. गुण थोडा आणि चकाकी फार, अशी माझी गत होती. पण तेव्हा मला ते कोण सांगणार?

मग दिवस फिरले. कृष्णनाथचे गुडघे गेले आणि जत्रा सुटल्या. त्याचा मुलगा संदीप खनिजाच्या ट्रकवर चालक होता. त्याला चण्यांत रस नव्हता. मी फळीवर गेलो. माझ्या पोटात तुटकी बटणं, रबरबँड, टॉर्चचे संपलेले सेल असा संसार जमला. अंगणातून ट्रक गेला की लाल धूळ उडायची आणि माझ्यावर बसायची. कृष्णनाथ गेला त्या वर्षी मला कोणी हातसुद्धा लावला नाही. मला फार वाईट वाटलं. पितळेला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी रडलोच असतो.

पुढे खाणी थांबल्या. संदीपचा ट्रक उभा राहिला, मग विकला गेला. आता तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. पहाटे घर सोडतो तो दिवस कलल्यावर परततो. घराला त्याचा एकट्याचा हात पुरेना, म्हणून त्याची बायको मनीषा हिने कंबर कसली. मनीषा दोडामार्गची. तिच्या हाताला तळणाची कला आहे. ती रताळी, म्हणजे आमच्याकडची कणगां, पातळ कापते आणि खोबरेल तेलात तळते. कढईत पडली की ती चकती वळते, मुडपते, कुरळी होते. वर थोडं मीठ, थोडं तिखट. रविवारी मयेच्या तळ्यावर पर्यटक येतात तेव्हा ती तिथे टेबल लावते आणि बुधवारी डिचोलीच्या बाजारात बसते.

हे चिप्स मोजायला तिला माप हवं होतं. एके दिवशी तिने फळीवरून मला काढलं, बटणं ओतून टाकली आणि सोलांचं पाणी केलं. मित्रांनो, कित्येक वर्षांनी अंगावर पाणी पडलं तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! सासऱ्याची रीतही तिने सोडली नाही. चिप्सची शीग अशी उंच लागायची की गिऱ्हाइकांचे डोळे मोठे व्हायचे. मी पुन्हा राजा झालो.

मनीषाची मुलगी गौरवी नववीत शिकते. अंगाने काडी, पण प्रश्न हत्तीएवढे. आकाशातलं विमान वर जाताना चाकं कुठे ठेवतं, मीठ समुद्रात असतं तर माशाची आमटी वेगळी खारवावी का लागते, असं काहीबाही ती दिवसभर विचारते. तिच्या शाळेने ठरवलं की कॅन्टीनमध्ये रंगीत पाकिटातले बटाट्याचे वेफर विकायचे बंद करायचे. पण मुलांना कुरकुरीत काहीतरी हवंच. तेव्हा विज्ञानाच्या विनोदिनी टीचरनी हे काम गौरवीच्या वर्गावर सोपवलं. पाकिटातले वेफर, दुकानात मिळणारे भाजलेले नाचणीचे चौकोनी चिप्स आणि मनीषाचे रताळ्याचे चिप्स, अशा तिघांची चव, किंमत आणि पोषण यांवर तुलना करायची. जो पुढे येईल तो पुढच्या महिन्यापासून कॅन्टीनमध्ये.

टीचर तिला म्हणाल्या, "गौरवी, त्यातले एक तुझ्या घरचे आहेत. म्हणून ते दुप्पट काळजीने मोज. नाहीतर लोक म्हणतील, आपला तो बाब्या."

घरी मात्र आनंदीआनंद झाला. कॅन्टीन म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. मग तळ्यावर उन्हात बसायला नको, आणि संदीपलाही रविवारी गाडी काढावी लागायची नाही. मनीषाला बाकी काही नको होतं. रविवारी घरातली तिघं एका पंगतीला जेवावीत, एवढंच ती म्हणायची. शेजारणीला तिने तीनदा सांगितलं, की कॅन्टीन आमचंच.

आधी चवीची परीक्षा झाली. गौरवीने वर्गातल्या बारा जणांना डोळे मिटून तिन्ही चिप्स खायला दिले. सात जणांनी मनीषाचे पसंत केले, चौघांनी पाकिटातले. नाचणीला एकच मत पडलं, तेही आपण चुकून दिलं असं साईश नावाचा मुलगा नंतर सगळ्यांना सांगत फिरला.

मग पोषणाची पाळी आली. टीचरनी सांगितलं होतं की इतर गोष्टी पाहाल तेव्हा पाहा, पण तेल आधी पाहा. गौरवी स्वयंपाकघरात वही घेऊन बसली.

"आई, कोणात तेल किती तां कशान मापूया?"

"कशान म्हणजे?" मनीषा म्हणाली. "शेर आसा मा आज्याचो! ह्या घरात सगळा त्याच शेरान मापतत."

मी चकाकलो. माझ्यासारखा न्यायाधीश कुठे मिळणार?

मायलेकींनी कढईत मोजून साठ कुलेरी, म्हणजे साठ लहान चमचे तेल ओतलं. त्यात बरोबर आठ शेर चिप्स तळून काढले. कढई गार झाल्यावर उरलेलं तेल पुन्हा चमच्याने मोजलं तर छत्तीस भरलं. म्हणजे चोवीस चमचे तेल आठ शेर चिप्सनी प्यायलं. एका शेराला तीन चमचे. मग गौरवीने दुकानातली पाकिटं आणली, त्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली, ग्रॅमचे चमचे केले आणि ती पाकिटं माझ्यात ओतून पाहिली. पाकिटातल्या वेफरना शेराला चार चमचे पडले. नाचणीला पाच. किमतीतही नाचणी सगळ्यांत महाग निघाली. शेरभर नाचणीला जवळजवळ शंभर रुपये, मनीषाच्या शेराला तीस.

"बगलंस? तीन, चार, पाच!" मनीषाने टाळी वाजवली. "आमचा सगळ्यांत कमी!"

दुसऱ्याच दिवशी तिने एक पांढरी फळी घेतली आणि निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: कणगांचे चिप्स, तेल कमी. रंग वाळेपर्यंत ती फळी जनेलाशी, म्हणजे खिडकीशी उभी होती आणि येणारा-जाणारा ती वाचत होता. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मी मनाशी घोकत होतो.

दोन दिवसांनी दुपारची गोष्ट. शाळेत तक्ता दाखवायला तीनच दिवस उरले होते. गौरवी अभ्यास करत होती आणि उरलेले नाचणीचे चिप्स तोंडात टाकत होती. अर्धा शेर संपला आणि तिला पुढे जाईना. पोट भरलं. आदल्या दिवशी तिने आईचे चिप्स अख्खा शेर खाल्ले होते आणि वर दोन उंडे, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खाल्ले होते. ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. गौरवीने असं बघितलं की घरातल्या वस्तूंनी सावध व्हावं.

तिने मला आईच्या चिप्सनी भरलं, आणि मग वरून तळहाताने दाबलं. कुर्र कुर्र आवाज झाला. चिप्स मोडले आणि खाली खाली जात माझ्या तळाशी जाऊन बसले. काठापासून पार खालपर्यंत मी रिकामा! मग तिने मला नाचणीच्या चिप्सनी भरलं आणि तसंच दाबलं. ते चपटे चौकोन एकमेकांवर गच्च बसलेले होते. ते जेमतेम दोन बोटं खाली गेले.

गौरवी माझ्यात डोकावली आणि स्वतःशीच म्हणाली, "ह्या शेरात चिप्स किती नि वारो किती?"

मित्रांनो, माझ्या जन्मात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तर स्वतःला भरलेलाच समजत आलो होतो.

तिने मला पिशवीत घातलं, तिन्ही चिप्स घेतले आणि वाडीतल्या गुरुदासच्या दुकानात गेली. तिथे मला सव्वाशेर भेटला. पांढरा, प्लास्टिकचा, अंगावर लाल आकडे चमकणारा इलेक्ट्रॉनिक काटा. मला तो पहिल्या नजरेतच आवडला नाही.

"गुरुदासकाका, माका ह्यांचां वजन करून दिवा," गौरवी म्हणाली, आणि तिने सगळी हकिगत सांगितली.

गुरुदास हसला. "अगो, शेरभर कुरमुरे नि शेरभर खिळे, दोनय सारखेच म्हणतलंस तू?"

"तांच तर बगूचा आसा."

त्याने वजनं केली. माझ्या काठाएवढे आईचे चिप्स पंचेचाळीस ग्रॅम भरले. पाकिटातले वेफर पंचावन्न. आणि नाचणीचे एकशे सत्तर! गौरवीने तिथेच, साखरेच्या पोत्यावर वही ठेवून, सगळा हिशेब नव्याने केला. या वेळी तिने शेर सोडला आणि प्रत्येकाचे शंभर ग्रॅम धरले. आईच्या चिप्समध्ये जवळजवळ सात चमचे तेल. पाकिटातल्या वेफरमध्ये सात. नाचणीत तीन. किंमतही उलटली. आईचे चिप्स तिघांत महाग निघाले, नाचणीपेक्षा थोडे जास्त.

तिने ते तीनदा तपासलं. आकडे काही हलले नाहीत. घरी येताना तिची पावलं अगदी हळू पडत होती, आणि पिशवीत मी लाजेने काळा पडलो होतो.

मनीषा कढईवर होती. गौरवीने वही पुढे धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मनीषाने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुज्या आज्यान ह्याच शेरान जल्म काडल्यान," ती म्हणाली. "एकान तरी कदी म्हटलां काय, कृष्णनाथान फसयल्यान म्हणून? नि आज तू त्याचो शेर खोटो पाडतंस?"

"आज्यान कोणाक फसवूक नाय, आई." गौरवी मागे सरली नाही. "तो चण्याचा माप चण्याकच लावी. काल घेतलो तोय चणो, आज घेतलो तोय चणो. आमी मात्र कणगां नि नाचणी एकाच शेरात घातली. शेर खोटो नाय. आमी त्येका भलताच इचारलां."

मित्रांनो, तिने माझी बाजू घेतली! मी तिला तोंडघशी पाडलं होतं आणि तरीही ती माझी बाजू घेत होती.

मनीषाने झारा बाजूला ठेवला. "उद्या-परवा तू शाळेत ह्या सांगलंस, की कॅन्टीन गेलां. तुका समाजता मा?"

"समाजता."

"नि त्या फळयेर मी निळ्या रंगान लिवलंय. अख्ख्या वाडयेन वाचलां."

मनीषाने वर्तमानपत्राचा एक कागद घेतला. त्याच्या एका कोपऱ्यात आपले चिप्स चुरगाळले, दुसऱ्या कोपऱ्यात पाकिटातले. दोन्ही मुठींनी दाबलं आणि कागद उजेडात धरला. तेलाचे दोन डाग उमटले होते, दोन्ही सारखेच मोठे. तिने कागद घडी करून चुलीत टाकला.

"सांगू नको असां मी म्हणूक नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा कढईकडे वळली. संध्याकाळी संदीप आला, त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

शाळेत तक्ता दाखवायच्या दिवशी गौरवीने मलाही सोबत नेलं. टेबलावर एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला शाळेच्या प्रयोगशाळेचा तराजू. पालकांनाही बोलावलं होतं. मनीषा शेवटच्या बाकावर पदर सारखा करत बसली होती. मला वाटत होतं, निदान आज तरी मला कपाटात ठेवायचं होतं.

गौरवीने तक्ता उघडला. त्यात दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'शेराने', दुसऱ्यावर 'वजनाने'.

"आधी मी चुकीचं मोजलं होतं," ती म्हणाली. शेरात चिप्सबरोबर हवा कशी मोजली गेली, कुरळा चिप्स जागा कशी अडवतो, चपटा कसा गच्च बसतो, ते तिने मला भरून आणि दाबून दाखवलं. मग तीन आकडे सांगितले. सात, सात, तीन. "चवीला माझ्या आईचे पहिले आहेत. त्यात रंग नाही, कसली पावडर नाही, मीठ पाकिटापेक्षा कमी आहे. पण तेल पाकिटाएवढंच आहे. रताळ्याचे आहेत म्हणून ते कमी तेलकट होत नाहीत. तळलेलं ते तळलेलंच."

वर्गातून कोणीतरी ओरडलं, "पण भारी लागतात!" सगळे हसले. गौरवीही हसली, पण तिचे डोळे मागच्या बाकाकडे होते.

विनोदिनी टीचरनी मुख्याध्यापकांशी बोलून निर्णय सांगितला. कॅन्टीनमध्ये नाचणीचे चिप्स ठेवायचे, तळलेले कोणतेच नाहीत. मनीषा उठली. मला वाटलं ती तशीच बाहेर जाईल. पण ती टेबलापाशी आली, तिने मला उचललं आणि टीचरना म्हणाली, "टीचर, माज्या चेडवान माजोच माल मागे पाडल्यान. पण बरोबर मापल्यान." चेडू म्हणजे आमच्याकडे लेक. तिच्या आवाजात दुःख होतं आणि अभिमानही होता. दोन्ही एकदम ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मायलेकी घरी निघाल्या. वाटेत पोदेराची भट्टी लागते. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. सकाळचे पाव निघून गेले तरी त्याची भट्टी दुपारपर्यंत ऊब धरून असते. मनीषा तिथे थबकली. एकदा भट्टीकडे बघितलं, एकदा मुलीकडे.

"गौरवी, भट्टी अशीच तापलेली आसता. कणगां हय भाजली तर काय व्हयत गो?"

"माका खंय ठावक?" गौरवी म्हणाली. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "करून बगूया?"

पहिल्या खेपेचे कोळसे झाले. दुसरी खेप अशी चिवट निघाली की संदीप म्हणाला, ह्यांचे टॅक्सीला टायर होतील. तिसऱ्या खेपेला मनीषाने काप जाड ठेवले, तेल नुसतं हाताने चोळलं आणि भट्टी आणखी थोडी निवू दिली. ते चिप्स कुरकुरीत झाले. गौरवीने ते काट्यावर तोलले. शंभर ग्रॅमला एक चमचा तेल. पुन्हा बारा जणांना खायला दिले तर फक्त चौघांनी पसंत केले. तिने तेही तसंच टीचरना सांगितलं. टीचर म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस ठेवून बघू, मुलं काय म्हणतात ते पुढे ठरवू. म्हणजे संदीपचा रविवार अजून सुटलेला नाही. मनीषा अजून तळ्यावर उन्हात बसते.

पण आता तिच्या टेबलावर काटा असतो, आणि 'तेल कमी' ही फळी तिने पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. त्यावर गौरवीच्या अक्षरात नवा मजकूर आहे: तळलेले, शंभर ग्रॅमला सात चमचे तेल. भाजलेले, शंभर ग्रॅमला एक चमचा.

गेल्या रविवारी एक गिऱ्हाईक ती फळी वाचून हसायला लागलं. "अहो बाई, आपल्याच मालात सात चमचे तेल आहे असं कोणी लिहितं का?"

"माज्या चेडवान मापलां," मनीषा ताठ मानेने म्हणाली. "तां मी कसा पुसू?"

गिऱ्हाईक हसायचं थांबलं. त्याने दोन्ही प्रकारचे चिप्स घेतले, आणि ते भरून देताना मनीषाने मुलीकडे असं काही पाहिलं की मला वाटलं, त्या एका नजरेसाठी कॅन्टीन गेलं तरी चालेल.

मी आता टेबलाच्या कडेला नुसता बसून असतो. रात्री चणे भिजत घालायचे झाले की मात्र माझीच आठवण होते, आणि ते काम मी चोख करतो. काठावरचा पोचा आहे तसाच आहे. गौरवी मला सोलांच्या पाण्याने घासते तेव्हा तो अंगठ्याने चाचपते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला फळीवर धूळ खात टाकू नका. तिला घासा, पुसा, तिच्याकडून काम घ्या. पण आजोबांची आहे म्हणून तिच्यापुढे नुसते हात जोडून बसू नका. ती काय सांगू शकते आणि काय नाही, ते मधूनमधून तपासत जा. आणि घरातल्या एखाद्या पोरीने तिच्याबद्दल शंका काढली, तर तिला गप्प बसवू नका. आम्हा जुन्या वस्तूंना त्याचा राग येत नाही. आम्हाला खोटं बोलायचं नसतंच, पण कोणी नीट विचारल्याशिवाय खरं सांगताही येत नाही.